हसण्याआधीचा टेकू

हे शेषशायी नारायणा, तू निजतोस आणि आम्ही हात जोडतो. तुझ्या निजण्याला आम्ही योगनिद्रा म्हणतो, तिचे रूप डोळ्यांत साठवतो, पायांशी बसलेल्या लक्ष्मीचा हेवा करतो. ‘अहो, भर दुपारी काय लोळताय?’ असे तुला विचारायला आजवर कुणी धजले नाही. मग दयाघना, त्याच निद्रेने एखाद्या कष्टाळू बाईला भर कामात गाठले, हातातली सुई हातातच ठेवून तिची मान खाली झुकवली, तर तिला आळशी म्हणणारे आम्ही कोण? तुझ्या चरणी माथा ठेवून अशाच एका बाईची कथा सांगायची आहे. सांगणाऱ्याची जीभ गोड ठेव, ऐकणाऱ्याचे कान मऊ ठेव, आणि जिची कथा आहे तिच्यावर तुझी सावली असू दे.

ही बाई गाद्या शिवते. कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणतात. मालकांची मुलगी लहानपणी म्हणायची, म्हणून मालक म्हणू लागले, आणि मालकांचे ऐकून गिऱ्हाइकेही. समोर रस्त्याकडे काचेचे दुकान, तिथे तयार गाद्यांची थप्पी. मागे लांबट कारखाना. त्याच्या एका कोपऱ्यात कापूस पिंजण्याचे यंत्र घरघरते आणि ते चालवणारा माणूस दिवसभर पांढऱ्या तुसात बुडालेला असतो. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांवरही कापूस. त्याचे नाव ढगोबा पडले आहे. दुसऱ्या कोपऱ्यात गादीच्या खोळी शिवणारी मावशी मशीनवर बसते. आणि मधल्या रुंद फळीवर, एक पाय दुमडून, लांब दाभण हातात घेऊन आत्या.

काय तो हात! भरलेल्या गादीची कड बोटांनी गोळा करावी, तिला पीळ द्यावा आणि दाभण आरपार घालून दोरा असा ओढावा की कड जन्मभर दबू नये. मालक गादीचा कोपरा मुठीत धरून दाबत आणि सोडत. कोपरा हळूच वर यायचा, निजलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. ते मान डोलावून म्हणत, “आत्याची कड!” आणि तेवढ्या दोन शब्दांवर गादी विकली जायची.

पण याच बाईला झोप यायची. तुमच्या-आमच्यासारखी, जांभई देत, निरोप घेऊन येणारी नव्हे. कुणी फुंकर घालून दिवा विझवावा तशी. शाळेत उभी असताना यायची, पुढे एका दुकानात हिशेब सांगता सांगता आली आणि ती नोकरी गेली. छापखान्यात कागद मोजताना आली, तीही गेली. घरची माणसे म्हणत, “हिला हाडं नाहीत, नुसता आळस भरलाय.” ऐकून ऐकून तिलाही तसेच वाटू लागले. ती पहाटे उठायची, थंड पाण्याने डोळे धुवायची, स्वतःला चिमटे काढायची. दंडावर निळे वळ, आणि तरीही दुपारच्या आत मान खाली. एकदा तर झोपेतच तिचा हात चालत राहिला आणि एप्रनचे टोक गादीच्या कडेला शिवले गेले. जागी होऊन उठायला गेली, तर गादीसकट उठली. ढगोबा त्या दिवशी इतका हसला की त्याच्या पापण्यांवरचा कापूस गळून पडला.

आता गंमत ऐका. जिची झोप दोन नोकऱ्या खाऊन बसली होती, तिची नोकरी इथे मात्र झोपेनेच पक्की झाली. कारण मालकांचा एक भाबडा गैरसमज. गादीवाल्यालाच व्हावा असा. पहिल्यांदा आत्या तयार गादीवर आडवी होऊन निमिषात झोपलेली दिसली, तेव्हा ते रागावले नाहीत, गहिवरले. “बघितलंस ढगोबा? आपला माल! पाठ लागली की माणूस गेलाच!” तेव्हापासून दुकानात चोखंदळ गिऱ्हाईक आले की मालक आतमध्ये हाक देत, “आत्या, जरा इकडे या. या ताईंना आडवं होऊन दाखवा.” आत्या आडवी व्हायची. पापणी लवायची आणि ती गेलेली असायची. गिऱ्हाईक थक्क, मालक कृतकृत्य.

आत्याला ठाऊक होते की यात गादीचे श्रेय काही नाही. ती बाकावर झोपायची, पायरीवर झोपायची, एकदा दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभी राहून झोपली होती. पण सांगावे कसे? आणि सांगून करावे काय?

आणि दुसरी गोष्ट तर तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिला हसता येत नसे. हसू यायचे, मनापासून यायचे, आणि त्याच क्षणी अंगातले बळ निघून जायचे. आधी जबडा सैल पडे, मग मान, मग गुडघे. आणि दोरी कापलेल्या पडद्यासारखी ती जमिनीवर. शुद्ध मात्र पूर्ण असे. डोळे जड, ओठ हलत नाहीत, आणि कान लख्ख उघडे. वरती उभे राहिलेले लोक काय म्हणतात ते शब्दन् शब्द ऐकू येई. “नाटकं आहेत झालं.” “चारचौघांत असं करायला लाज कशी वाटत नाही?” थोड्या वेळाने बळ परत येई, ती उठे, कपडे झटके आणि ऐकलेच नाही असे दाखवी.

तेव्हा तिने हसणे टाकले. ढगोबाने विनोद सुरू केला की ती मनातल्या मनात उशांची मापे घोकू लागे. चेहरा कोरा ठेवी. लोक तिला आंबट म्हणू लागले. ‘आंबट आत्या’ हे शब्दही तिने ऐकले होते, आणि त्यावरही तिला हसू आले होते, आणि तेही तिने गिळले होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक दुपार होती. तेव्हा तिची लेक दीड-दोन वर्षांची, कडेवर बसलेली. बाप तिकडे शिंकला, आणि पोरीने इवलेसे नाक उडवत त्याची हुबेहूब शिंक काढून दाखवली. आईला आनंदाचे असे भरते आले की हात सुटले. लेक घसरून फरशीवर पडली, हनुवटी फुटली. आणि आई तिच्या शेजारीच आडवी. लेकीचे रडणे कानांत शिरत होते, रक्त डोळ्यांसमोर दिसत होते, आणि आपलाच हात आपल्याला उचलता येत नव्हता. नारायणा, वैऱ्यालाही असे ते क्षण दाखवू नकोस. नवरा धावत आला. तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून आत्याने स्वतःची लेक पुन्हा उचलून घेतली नाही. कुणाचेच मूल घेतले नाही. बारशाला गेली तर दाराजवळ उभी राही.

आता ती लेक मोठी होऊन दुसऱ्या गावी शाळेत शिकवत होती, लग्न झाले होते, आणि एके दिवशी तिचा फोन आला की घरात बाळ येणार आहे. आत्याचे पाय लटपटले, ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. बळ परत आल्यावर पहिला विचार आनंदाचा नव्हता. नातवंड मांडीवर घ्यायची एवढी एकच इच्छा तिच्या आयुष्यात उरली होती, आणि आपल्या हातांवर आपला विश्वास नव्हता.

देव कुणाच्या रूपाने येईल सांगता येत नाही. आत्याकडे तो गिऱ्हाइकाच्या रूपाने आला. मोठ्या इस्पितळात काम करणारी एक बाई गादी बघायला आली. मालकांनी नेहमीची हाक दिली, आत्या आली, आडवी झाली, झोपली.

“बघा ताई!” मालक छाती फुगवून म्हणाले. “आत्ता तुमच्यासमोर पाठ टेकली आणि गेली. दुसऱ्या कुठल्या गादीवर लागेल अशी झोप?”

“फार दमल्यात का त्या?”

“छे हो! जेवणाआधीची एक झोप काढून नुकत्याच उठल्यात.”

“म्हणजे?”

“म्हणजे गादीच तशी आहे!”

बाई गादीकडे बघेचना. ती वाकून आत्याच्या मिटल्या पापण्यांकडे बघत राहिली. पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरत होती. “यांना स्वप्न पडतंय,” ती स्वतःशीच म्हणाली. “इतक्या लगेच?” आत्या जागी होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली, आणि जागी झाल्यावर मालकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारले, “हसताना तुमचे गुडघे सुटतात का हो?”

आत्या उठून बसली. एवढ्या आयुष्यात हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता. ना आईने, ना सासूने, ना डॉक्टरांनी. तिने नुसती मान हलवली.

ती बाई इस्पितळात झोप तपासण्याच्या खोलीतच काम करत होती. पुढच्या महिन्यात आत्या तिथे गेली. डोक्याला तारा लावून तिला रात्रभर निजवले, आणि दुसऱ्या दिवशी थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा झोपायला सांगितले. “अहो, ऐकलंत का?” ती बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला म्हणाली. “जन्मभर सगळे झोपू नको म्हणून ओरडले, आणि इथे झोपा, झोपा म्हणून मागे लागलेत!”

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितले. आजाराचे नाव नार्कोलेप्सी. जाग आणि झोप यांच्यामधले दार नीट लावून धरणारे एक द्रव्य मेंदूत असते, ते आत्यांच्या मेंदूत जवळजवळ उरलेले नाही. म्हणून झोप वाटेल तेव्हा आत येते. आणि स्वप्नात शरीर जसे सैल पडते, तसे ते जागेपणी, आनंदाच्या क्षणी सैल पडते. हा पुरता जाणारा आजार नाही, पण औषधे आहेत, आणि ठरवून घेतलेल्या छोट्या झोपा आहेत, त्यांनी पुष्कळ सावरते.

“हा आळस नाही,” त्या म्हणाल्या.

“परत सांगा,” आत्या म्हणाली.

“काय?”

“तेच. आत्ता म्हणालात ते.”

“हा आळस नाही.”

आत्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंत ना? मला एकटीलाच ऐकू आलं असं नको व्हायला.” त्याने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

कारखान्यात बातमी कळली तेव्हा मालक मटकन खाली बसले. “नार्को म्हणजे ते पोलीस खरं वदवून घेतात ते का?”

“ते नव्हे मालक, हा आजार आहे,” आत्या म्हणाली.

“आणि मी… मी आजारी बाईला काचेत ठेवून माल खपवला?” त्यांनी कपाळ बडवून घेतले. त्याच दिवशी त्यांनी आतल्या खोलीत पडदा लावून आत्यासाठी एक गादी अंथरली. सकाळी एकदा, दुपारी एकदा तिने तिथे जाऊन झोपायचे, कुणी विचारायचे नाही. हे फार चांगले केले. पण प्रेमाला मोजमाप नसते, त्यांनी पुढचा हुकूम काढला: “आजपासून कारखान्यात कुणी विनोद करायचा नाही. आत्याला हसवाल तर याद राखा!”

मग काय विचारता! कारखान्यात सुतक आल्यासारखे झाले. यंत्र घरघरायचे, मशीन टकटकायचे, आणि माणसे तेवढी मुकी. मावशी धाग्याची रिळे सुद्धा हळू आवाजात मागायची. ढगोबाची अवस्था तर बघवत नव्हती. तोंडाशी आलेला विनोद गिळून गिळून त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. कुणी त्याला विचारले, “काय रे, बरं नाही का?” तर तो म्हणाला, “आत अडकलंय काहीतरी.”

आत्याने हे काही दिवस सोसले. मग एका सकाळी दाभण फळीत खुपसून ती उभी राहिली.

“कोण मेलंय इथे?”

सगळे चपापले.

“नाही, मला कळू दे. मी मेले असेन तर घरी जाते. मालक, इतकी वर्षं मी एकटी हसत नव्हते. आता माझ्यापायी तुम्ही कुणीच हसत नाही. एका बाईचा आजार होता, तो तुम्ही अख्ख्या कारखान्याला लावलात!”

“पण आत्या,” मालक काकुळतीला आले, “तुम्ही पडलात, लागलं बिगलं तर?”

“पडेन. उठेन. मला आता ठाऊक आहे मी का पडते. पण तो ढगोबा फुटायच्या आधी त्याला बोलू द्या.”

तेव्हा ढगोबाला जे सुचले ते देवानेच सुचवले म्हणायचे. कारखान्यात कापसाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असत. एखादी थप्पी कलू लागली की ज्याला दिसेल त्याने ओरडायचे, “टेकू!” आणि जो जवळ असेल त्याने हातातले टाकून थप्पीला खांदा द्यायचा, ही तिथली जुनी रीत. ढगोबा यंत्र बंद करून एकदम ओरडला, “टेकू!”

सगळ्यांनी थप्पीकडे बघितले. थप्पी जागच्या जागी.

“कुठे रे?” मावशीने विचारले.

“थप्पीला नाही, आत्याला! आत्या, बसा त्या गठ्ठ्याला पाठ लावून. मावशी, तू खांदा धर. मला विनोद आलाय.”

आत्या बसली. मावशीने तिच्या खांद्यामागून हात घातला. ढगोबाने घसा साफ केला. “मी परवा मालकांच्या घरी गेलो होतो. म्हटलं, गादीवाल्याचा पलंग बघू तरी. तर मालक खाली चटईवर झोपलेले! मी विचारलं, मालक, हे काय? तर म्हणतात, गादीवर पडलं की भाव आठवतो रे, झोपच उडते.”

“अरे, ते पाठीसाठी आहे!” मालक ओरडले. “डॉक्टरांनी सांगितलंय!”

आणि कारखाना फुटला. मावशी हसली, ढगोबा स्वतःच्याच विनोदावर हसला, आणि आत्या, जी जन्मभर उशांची मापे घोकत आली होती, ती हसली. जबडा सैल पडला, मान मावशीच्या हातावर आली, हात मांडीवरून गळून पडले. डोळ्यांतून मात्र पाण्याच्या धारा. कुणी घाबरले नाही. ढगोबा शेजारी उकिडवा बसून वाट बघत राहिला. बळ परत आले तसे तिचे पहिले शब्द होते, “अजून सांग.”

तेव्हापासून कारखान्यात हा रिवाज पडला. आधी ‘टेकू!’, मग विनोद. मालकही हौसेने ओरडू लागले, पण त्यांच्या विनोदावर कुणाला हसू येत नसे, आणि आत्या मान ताठ ठेवून म्हणायची, “मालक, टेकू वाया घालवू नका.” गिऱ्हाइके बिचकायची, छताकडे बघायची. त्यांना समजावून सांगावे लागे.

आत्याने हे घरी नवऱ्याला सांगितले. तो बसगाड्यांच्या दुरुस्तीचे काम करणारा, अबोल, चेहऱ्याने गंभीर. संसारात त्याने कधी विनोद केल्याचे तिला आठवत नव्हते. माणूस चांगला, पण कोरडा, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. त्याने सगळे ऐकून घेतले. चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “बस खाली.”

“का?”

“बस तर. टेकू.”

ती बसली. तो उठून उभा राहिला, पोट पुढे काढले, हात मागे बांधले, आणि मालकांच्या आवाजात म्हणाला, “बघा ताई, पाठ लागली की माणूस गेलाच!” तोच स्वर, तीच मान, तीच फुगलेली छाती. पुढे डॉक्टरीणबाई, पुढे घरमालक, पुढे नाक शिंकरणारा शेजारी. आत्या भिंतीला टेकून गळून गेली होती आणि तो थांबतच नव्हता.

बोलता येऊ लागल्यावर ती म्हणाली, “हे कधीपासून येतं तुम्हाला?”

“लग्नाआधी मित्र मला नकल्या म्हणायचे.”

“मला कधी सांगितलं नाहीत ते!”

“सांगितलं असतं तर तू हसली असतीस.”

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. लेक पडली त्या दुपारी तो काही बोलला नव्हता, कारण यात तिचा दोष नाही हे त्याला तेव्हाच कळले होते. आजाराचे नाव त्याला माहीत नव्हते. हसल्यावर ही पडते एवढे माहीत होते. म्हणून इतकी वर्षे या माणसाने आपली सगळ्यात मोठी गंमत कुलपात घालून ठेवली होती. हे प्रेम कुठल्या तराजूत तोलावे?

आणि मग बाळ आले. लेक ते घेऊन काही आठवडे आईवडिलांकडे राहायला आली. घर दुधाच्या आणि साबणाच्या वासाने भरून गेले. आत्याने दुपटी धुतली, पाणी तापवले, लेकीचे पाय चेपले, खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून अंगाई म्हटली. बाळ मात्र घेतले नाही. लेक म्हणायची, “आई, घे ना जरा.” आत्या म्हणायची, “थांब, हात ओले आहेत.” कारखान्यात ढगोबाने विचारले, “घेतलं का नातवाला?” तर ती चक्क म्हणाली, “घेतलं की.” आणि मान खाली घालून दाभण चालवू लागली.

विनोदाची वर्दी देता येते. पण बाळ वर्दी देऊन हसत नाही. ते उगाच हसते, झोपेत हसते, आणि त्या हसण्यासमोर औषधाची गोळी काय पुरणार? हेच तिच्या मनात रात्रंदिवस घोळत होते.

एका सुट्टीच्या दुपारी तिची ठरलेली झोप झाली आणि ती डोळे चोळत बाहेर आली. लेकीने जमिनीवर गादी अंथरली होती, आईच्याच हातची.

“आई, बस इथे.”

“अगं, माझे हात—”

“आल्यापासून तुझे हात ओलेच आहेत. कोरडे कर आणि बस.”

आत्या बसली नाही. ती उभ्यानेच म्हणाली, “तुझी हनुवटी विसरलीस का तू? मी विसरले नाही.”

“मीही नाही विसरले,” लेक म्हणाली. “शाळेत मुली विचारायच्या, हे काय झालं? मी सांगायचे, वाघाशी लढले. एकीनं तर मला डबा दिला त्यासाठी.”

“थट्टा करू नकोस.”

“बरं, नाही करत. आई, तुझे हात कशानं सुटतात ते आता सगळ्यांना माहीत आहे. कंटाळल्यावर सुटत नाहीत, रागावल्यावर सुटत नाहीत. मी बाबांची शिंक काढली, आणि तुला एवढा आनंद झाला की तुझ्या अंगात त्राण राहिलं नाही. मी कुणाला इतकी आवडले होते याची खूण मी तोंडावर घेऊन फिरते. आणि तू माझ्याकडे तिच्याबद्दल माफी मागतेस?”

आत्याच्या गुडघ्यांनी तिथेच दगा दिला असता, पण शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने दंड धरला आणि तिला हळूच गादीवर बसवले. लेक आईच्या मागे बसली, पाय दोन्हीकडे पसरून, आईची पाठ आपल्या छातीशी घेऊन. लहानपणी आई तिची वेणी घालताना बसायची, तशी. फक्त जागा बदललेल्या. नवरा समोर गुडघ्यांवर बसला. त्याने बाळ आणून आत्याच्या मांडीवर ठेवले आणि आपले तळवे खाली धरले.

किती हलके होते ते! आत्याने एक हात मानेखाली घातला, एक पाठीखाली. गादीची कड गोळा करताना ज्या बोटांना कधी शंका आली नव्हती, ती बोटे आता एकेक जपून टेकत होती. बाळाने डोळे उघडले. तिच्याकडे बघितले, बघत राहिले, जणू काही आठवत आहे. आणि मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला, दुसरा गेला, आणि सगळा चेहरा उजळला.

झाले. जबडा, मान, खांदे, हात, एकामागून एक सगळे मिटले. तिचे डोके लेकीच्या खांद्यावर पडले, बोटे सुटली. बाळ मांडीच्या खोलगट जागेत तसेच राहिले, खाली आजोबांचे तळवे. सवयीने आजोबांनी त्याला उचलायला हात वर केले.

“राहू द्या बाबा,” लेक म्हणाली. “त्याला आईजवळ राहू द्या. ती इथेच आहे, तिला सगळं ऐकू येतंय.”

आजोबांनी हात खाली घेतले. खोलीत कुणी हलले नाही. लेकीचा श्वास आत्याच्या पाठीला लागत होता, बाळाच्या टाचा पोटावर लागत होत्या. तिला हलता येत नव्हते, आणि पहिल्यांदाच कुठे जायचे नव्हते. लेकीने आईच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितले, “अजून हसतोय गं. तुझ्याकडेच बघतोय.” त्यामुळे परत येऊ लागलेले बळ पुन्हा पळाले, आणि नवरा म्हणाला, “अगं, गप्प बस, नाहीतर ही संध्याकाळपर्यंत उठायची नाही.”

बळ परत आले ते बोटांच्या टोकांपासून. करंगळी हलली, मग तळवा, मग दोन्ही हात बाळाच्या पाठीभोवती मिटले. आत्याने वाकून त्याच्या कपाळाला ओठ लावले. ते कपाळ तिला पहिल्यांदाच एवढ्या जवळून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरताच ती ढगोबाला म्हणाली, “परवा खोटं सांगितलं होतं रे. काल घेतलं.”

ढगोबाने यंत्र बंद केले. मालक आतून आले. मावशीने मशीन थांबवले. “मग?” सगळ्यांनी एकदम विचारले.

“मग काय, पडले,” आत्या म्हणाली. “आज पुन्हा घेणार आहे.”

ती आजही बाळाला घेऊन उभी राहत नाही. तेवढा शहाणपणा तिने ठेवला आहे. जमिनीवर बसते, पाठीला कुणीतरी असते, आणि कुणी नसेल तर वाट बघते. झोप अजून येते, औषधाने थोडी मागे सरली आहे इतकेच. कधी पहाटे जाग येते आणि अंग हलत नाही, खोलीत कुणी उभे आहे असा भास होतो, हाही त्याच आजाराचा भाग. तेव्हा ती मनात तुझे नाव घेते, आणि शेजारी निजलेला तिचा नकल्या हात लांब करून तिचा हात धरतो.

देवा नारायणा, या बाईच्या हातांना कामात बळ दे, आणि आनंदात ते सुटले तर त्यांच्याखाली नेहमी कुणाचे तरी हात असू दे. तिच्या नवऱ्याला इतकी वर्षे कोंडलेले हसू व्याजासकट परत मिळू दे. तिच्या लेकीला असेच उदार मन राहू दे, आणि त्या बाळाला मोठेपणी पडलेल्या माणसाशेजारी शांतपणे बसून राहता येऊ दे. ज्या कारखान्याने तिला खांदा दिला, त्याच्या दारी गिऱ्हाइकांची रीघ लागू दे, आणि मालकांना एखादा तरी विनोद जमू दे. त्या घरात जे जागे असतील ते सुखाने जागोत, जे निजतील ते निर्भयपणे निजोत, आणि तिथे कुणालाही, कधीही, हसण्याची भीती न वाटो.